नाव दुसऱ्याचं

"उखाणा मात्र झकास घेतला हो वहिनींनी," गोरक्ष म्हणाला. "फक्त नाव दुसऱ्याचं घेतलं." एवढं बोलून त्याने स्कूटरला किक मारली आणि नाशिक रोडच्या बसथांब्यावर ज्ञानेश सरांना धुरात उभं करून तो निघून गेला. गोरक्ष हा सरांचा चुलतभाऊ. अर्धं बोलून निघून जायची त्याला लहानपणापासून सवय. मळ्यात खेळताना तो येऊन सांगायचा, 'तुला घरी बोलावलंय.' कशाला ते सांगायचा नाही. मग मळ्यापासून घरापर्यंतच्या बांधावर ज्ञानेशला आपले सगळे गुन्हे एकेक करून आठवत जायचे, आणि घरी पोचल्यावर कळायचं की आईने फक्त शेवंतीची टोपली उचलायला बोलावलं होतं. आताही तसंच झालं. फरक इतकाच की या वेळी आठवायला स्वतःचा गुन्हा सापडेना. बस आली, सर चढले. कंडक्टरने "कुठं?" म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू यालाही ते नाव माहीत आहे आणि हा मुद्दाम विषय बदलतो आहे. कंडक्टरने पुन्हा विचारलं. मागच्या बाईने सरांच्या वतीने "सीबीएस असंल" असं सांगून टाकलं. ते बरोबरही होतं.

झालं होतं ते असं. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं, महापालिकेची निवडणूक लागली होती, सरांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला होता आणि सरांची पत्नी सुवर्णा उमेदवार होती. ती उमेदवार कशी झाली हे सरांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं, तरी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पक्षाची चार माणसं संध्याकाळी घरी आली, चहा झाला. एकजण म्हणाला, सरांचं शहरात नाव आहे, वहिनींचा स्वभाव आहे. सर म्हणाले, "बघू." आणि स्वयंपाकघराच्या दारातून सुवर्णा म्हणाली, "मी तयार आहे." पाहुण्यांनी सरांचं 'बघू' बशीत तसंच ठेवलं आणि 'तयार आहे' तेवढं घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात गोरक्षच्या बायकोनेही, मैनाने, दुसऱ्या पक्षाकडून अर्ज भरला. एका घरातल्या दोन सुना एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. तरी मैना हळदीकुंकवाला सुवर्णाकडे आली होती, कारण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सवाष्णीने बोलावलं तर सवाष्णीने जायचं, मग ती विरोधी पक्षाची का असेना. पक्षाच्या हुशार माणसांनी हे आधीच हेरलं होतं. सभा घेतली तर बायका येत नाहीत. हळदीकुंकू केलं तर न बोलावलेल्याही येतात. चहाची गाळणी नुसती वाटली तर आचारसंहितेचा भंग; तीच वाण म्हणून लुटली तर संस्कृती. हळदीकुंकवाच्या दुपारी सरांना रीतसर घराबाहेर काढण्यात आलं होतं. ते वाचनालयात जाऊन बसले होते. घरात काय झालं हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि जे कळलं ते गोरक्षच्या स्कूटरच्या धुरातून.

सर कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. पहिल्या वर्षाला 'मूलभूत संकल्पना' नावाचा पेपर होता आणि तो वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होता, कारण दुसऱ्या कोणाला तो नको होता. सर संकल्पना लिहून देत. "संस्कृती म्हणजे, स्वल्पविराम, माणूस जन्मानंतर शिकतो, चारचौघांत वाटून घेतो आणि पुढच्या पिढीच्या हाती देतो ती जगण्याची रीत, पूर्णविराम." मुलं उतरवून घेत. स्वल्पविराम हा शब्दसुद्धा काही जण उतरवून घेत. "अस्मिता म्हणजे, 'मी कोण' या प्रश्नाचं आपण दिलेलं आणि इतरांनी मान्य केलेलं उत्तर." हे वाक्य सरांचं आवडतं होतं. यातला उत्तरार्ध परीक्षेत बहुतेक मुलं विसरायची आणि सर त्यांचा अर्धा गुण कापायचे. त्या दिवशी वर्गात ते याच वाक्यावर आले. 'आपण दिलेलं आणि' इथपर्यंत बोलले आणि थांबले. मुलांना वाटलं, सर स्वल्पविराम शोधतायत. सर शोधत होते ते असं: इतरांनी मान्य केलेलं. इतर म्हणजे कोण? ज्या बायका त्या दुपारी माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर, तिळगूळ खात बसल्या होत्या, त्यांनी माझ्याऐवजी कोणाला मान्य केलं? आणि मान्य करून टाळ्या वाजवल्या की काय? खिडकीतून गंगापूर रोडची रहदारी दिसत होती. मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली आणि हसली. सरांना वाटलं, हिची आई आमच्या वॉर्डात राहत असणार.

उखाण्याचा विचार सरांनी याआधी फक्त शास्त्र म्हणून केला होता. वर्गात सांगायचे ते: ज्या माणसाला आयुष्यभर नावाने हाक मारायची नाही, त्याचं नाव चारचौघींत, यमकात लपवून, वर्षाकाठी एकदा घ्यायची मुभा. मुलं हसायची. पण सरांच्या लग्नातला उखाणा त्यांनी कधी वर्गात सांगितला नव्हता. जेल रोडच्या पलीकडे तेव्हा मळेच मळे होते. आता कॉलन्या झाल्यात, नावं मात्र मळ्यांचीच ठेवलीत. सनई थांबलेली, उंबऱ्यावर माप ठेवलेलं, आणि सरांच्या बहिणींनी दार अडवलेलं. 'नाव घेतल्याशिवाय आत सोडायची नाय.' सुवर्णा तेव्हा इतकी बारीक होती की शालूच तिला घेऊन उभा होता. तिने खाली बघत म्हटलं होतं, 'पाटाच्या पाण्याला शेवंतीची कड, ज्ञानेशरावांचं नाव घेते, उंबरा नाही चढायला अवघड.' बहिणी म्हणाल्या, आवाज नाय आला. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हणाल्या, आवाज नाय आला. तिसऱ्या वेळी ती असं म्हणाली की मांडवातले पुरुष वळून बघायला लागले. त्या वेळी ज्ञानेशला पहिल्यांदा वाटलं होतं की आपल्याला नाव आहे. आई 'नानू' म्हणायची, वडील 'ए' म्हणायचे, शाळेत आडनाव चालायचं. ते नाव पहिल्यांदा पूर्ण वाजवलं ते हिने. आणि आता आठवताना लक्षात येतं की पहिल्या दोन वेळी जो आवाज आला नाही, तो खरंच आला नव्हता का? की बहिणींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं? म्हणजे बायकांच्या ऐकण्या-न-ऐकण्यावर त्या दिवसापासूनच विश्वास ठेवायला नको होता.

त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने जायचं ठरवलं. आधी निरीक्षण. घरासमोरच्या चौकात सुवर्णाचा फलक लागला होता, दोन बांबूंवर, आणि त्यावरचा तिचा चेहरा घराच्या दारापेक्षा मोठा होता. चेहरा हसत होता. सरांनी त्याचं निरीक्षण केलं. हे हसू त्यांना माहीत नव्हतं. घरातलं हसू ओठ मिटून असायचं. हे दात दाखवून होतं आणि किंचित डावीकडे बघत होतं. डावीकडे म्हणजे फोटोवाल्याकडे? की फोटोवाल्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पक्षाच्या शहर चिटणिसाकडे, जो रुमालाला अत्तर लावतो आणि दर वाक्याला 'ताई' म्हणतो? दर वाक्याला ताई म्हणणाऱ्या माणसाविषयी सरांना मुळातच शंका होती. ज्याच्या मनात ताई असते तो एकदा म्हणतो. मग जीपचा ड्रायव्हर. तो संध्याकाळी सातलाही काळा चष्मा घालतो. काळ्या चष्म्याच्या माणसाचं नाव यमकात बसतं का, हे सरांनी बसवून पाहिलं. बसत होतं. चिटणिसाचंही बसत होतं. मराठीत कोणाचंही बसतं, ही उखाण्याची मोठी अडचण आहे: पहिली ओळ कसलीही चालते, कपबशी, गुलाब, गोदावरी, काहीही. माणूस फक्त दुसऱ्या ओळीत बदलतो.

निरीक्षणानंतर मुलाखत. शेजारच्या धोंडाबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. भिंत सामाईक असल्यामुळे या घरातलं त्या घरात आपोआप कळायचं, तेव्हा माहितीचा याहून चांगला स्रोत नव्हता.

"परवा हळदीकुंकू चांगलं झालं म्हणे," सर म्हणाले.

"झालं की."

"उखाणे वगैरे?"

"घेतले कोणी कोणी." धोंडाबाईंनी एक परकर दोनदा झटकला.

"हिने घेतला?"

"सर, दूध उतू चाललंय माझं," म्हणून त्या आत गेल्या. सर बराच वेळ तिथे उभे राहून वास घेत होते. दुधाचा वास आला नाही.

मैना भाजीच्या गाडीवर भेटली. ती मेथीची जुडी उलटीपालटी करत होती. सरांनी प्रश्न जसाच्या तसा विचारला, कारण आता त्यांचा धीर संपत आला होता. मैना म्हणाली, "भाऊजी, मी विरोधातली. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल प्रचार करते. घरचं घरात विचारा." मग जुडी पिशवीत टाकत म्हणाली, "आणि असलं तोंडानं सांगायचं पण नसतं." पदराआड ती हसली की तिने नाक पुसलं, हे सरांना ठरवता आलं नाही. भाजीवाल्याने मात्र सरांकडे सहानुभूतीने पाहिलं आणि कोथिंबीर फुकट दिली. त्या कोथिंबिरीने सर पार खचले. फुकट कोथिंबीर बायकांना मिळते. पुरुषाला मिळते तेव्हा त्याचं काहीतरी झालेलं असतं.

राहता राहिली ती स्वतः. तिला विचारणं सगळ्यात सोपं होतं म्हणून तेच त्यांनी सर्वांत शेवटी ठेवलं, आणि मग ठेवूनच दिलं. ती रात्री यायची ती घसा बसलेला, पाय सुजलेले. मोरीत पाय धुताना भिंतीला टेकून उभी राहायची. "अहो, वाढू का?" म्हणायची. या 'अहो'कडे सरांनी इतकी वर्षं लक्ष दिलं नव्हतं. आता ऐकलं, तर ते 'अहो' रिकामं वाटलं. त्यात कोणीही बसू शकलं असतं. शिवाय ती टेलिफोनवर वेगळ्या आवाजात बोलायला लागली होती. "मी सुवर्णा बोलतेय," असं म्हणायची. घरात हे नाव कधी उच्चारलंच जात नसे. सर तिला 'अगं' म्हणत, मुलगी 'आई', सासू होती तोवर 'नानूची बायको'. आता ते नाव लाउडस्पीकरवरून गल्लीगल्लीत फिरत होतं, रिक्षावाले म्हणत होते, पोरं क्रिकेट खेळताना ओरडत होती. सगळ्या वॉर्डाने ते नाव घेतलं होतं, एक सर सोडून. एकदा सकाळी न्हाणीघरात नळ मोठा सोडून त्यांनी ते म्हणून पाहिलं. "सुवर्णा." कोणा ओळखीच्या माणसाची बायको असावी तसं वाटलं. बाहेरून ती म्हणाली, "अहो, पाणी जातंय." सरांनी नळ बंद केला आणि साबण तसाच अंगावर घेऊन उभे राहिले: हिने ऐकलं तर नसेल? आणि ऐकलं असेल तर 'पाणी जातंय' हे उत्तर होतं का? त्या दिवसापासून त्यांनी घरात बोलणं कमी केलं. ती दोनदा म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय." दोन्ही वेळा सर म्हणाले, "पेपर तपासायचेत." सांगायचंय म्हणजे कबूल करायचंय, हे त्यांना ऐकायचं नव्हतं. संशय त्यांना परवडत होता. खात्री परवडली नसती.

अशा मनःस्थितीत त्यांना समाजाच्या बैठकीचं बोलावणं आलं. समाज म्हणजे काय, हे सर वर्गात पाऊण तास सांगत; बाहेर ते सांगावं लागत नसे. 'समाजाची बैठक आहे' म्हटलं की कोणी यायचं आणि कोणी नाही हे प्रत्येकाला पोटातून कळे. मंगल कार्यालयाच्या जेवणघरात संध्याकाळी सतरंज्या टाकल्या होत्या. पांढऱ्या टोप्या, काही सफारी, नोटांच्या प्रेसमधली पाळी संपवून डबे घेऊन आलेले दोघेतिघे. मध्ये सावळीरामनाना. नानांचा शब्द कोणी मोडत नसे, कारण नाना कोणाच्या बाजूचे आहेत हे शेवटपर्यंत कळत नसे. अर्ज मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. उमेदवार दोघींपैकी एकीलाही बोलावलेलं नव्हतं. हे सरांच्या लक्षात आलं. असल्या गोष्टीला पुस्तकात काय म्हणतात हेही आठवलं. पण ते सतरंजीवर बसले.

"सर, तुम्ही शिकलेले," नाना म्हणाले. "एका समाजाच्या दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीचं फावतं. बरोबर का नाय?"

"बरोबर आहे."

"मंग एकीनं बसायचं. कोणी ते तुम्ही दोघं भाऊ ठरवा."

गोरक्ष म्हणाला, "मैनाचं मी कवाच ठरवलेलं होतं, नाना. गेल्या खेपेलाच. सरांच्या घरात मधीच हे निघालं."

"मला तिला विचारावं लागेल," सर म्हणाले.

जेवणघरात जरा हशा झाला. वाईट नव्हता, घरच्यासारखा. कोणीतरी म्हणालं, "इचारा की. आम्ही बी घरी गेल्यावर इचारतो, जेवाया काय केलं म्हणून."

गोरक्ष सरांच्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडाला सुपारीचा वास होता. "दादा," तो म्हणाला. तो कधी दादा म्हणत नसे. "ती आता नाव तरी घेती का तुझं?"

वाक्य पूर्ण होतं. गोरक्ष आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला होता. सरांना एकदम सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटलं: नाना, सफारी, डबेवाले, कोपऱ्यातले आचारी. या सगळ्यांच्या बायका त्या दुपारी तिथे होत्या. या सगळ्यांना ते नाव माहीत होतं. नानांनी कागदाची पुडी उलगडली, खंडोबाचा भंडारा चिमटीत घेतला. जेजुरीचा होता. सरांना गंमत वाटली की पुरुषांचंही हळदीकुंकू असतं, त्यात कुंकू नसतं इतकंच. ही गंमत पुढे वर्गात सांगता येईल, असंही मनात आलं, आणि ते मनात येत असतानाच त्यांचं तोंड म्हणालं, "बसवतो तिला. माझा शब्द." नानांनी सरांच्या कपाळाला भंडारा लावला. भंडारा नाकावर सांडला. गोरक्षने मिठी मारली. कोणी सरांच्या पाठीवर थाप मारली, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. आपण कोणीतरी आहोत, आणि इतरांनी ते मान्य केलं आहे.

घरी आले तेव्हा सुवर्णा ओट्याशी स्टुलावर बसून भाकरी थापत होती. उभं राहवत नव्हतं म्हणून. सरांच्या कपाळाकडे तिने पाहिलं. सर पाटावर बसले. बोलायचं ते वाक्य त्यांनी रस्त्यात तयार केलं होतं, त्यात 'व्यापक हित' असा शब्द होता. पण आधी तीच बोलायला लागली, भाकरीकडे बघत.

"तुम्ही ऐकत नाही म्हणून राहिलं. परवाच्या हळदीकुंकवाला मी विमलाबाईला बोलावलं होतं. देवळासमोर हार विकते ती. दारोदार बोलावणं करत गेले, तिच्याही दारात गेले आणि तोंडातून निघून गेलं, 'या हं.' मग परत कसं घेणार? मला वाटलं नव्हतं ती येईल. आली. धुतलेलं लुगडं नेसून, दाराशी बसली. सगळ्यांना हळदीकुंकू झालं. तिच्यापाशी मी थांबले, तर तीच म्हणाली, 'नुसती हळद लाव.' मी लावली. सगळ्या गप्प. मग मैनानं टूम काढली की नावं घ्या. एकेक करत आलं. विमलाबाईच्या अलीकडचीनं घेतलं, आणि पलीकडचीनं लगेच सुरू केलं. मध्ये कोणी बसलेलंच नाही असं. ती पदर सावरून उठायला लागली हो. मला काही सुचेना. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, उमेदवारीणबाई, तुमचं. मग मी घेतलं. तिच्या नवऱ्याचं घेतलं."

तव्यावरची भाकरी तिने उलटली.

"काय घेतलंस?" सरांचा आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"'माळेतलं फूल सुकलं तरी दोरा नाही तुटत, लहानूरावांचं नाव विमलाबाईंच्या मनातून नाही सुटत.' वाकडंतिकडंच झालं. बायका अशा बसल्या की जसं घरात कोणी गेलंय. सवाष्णींच्या बैठकीत मेलेल्या माणसाचं नाव! आपसांत ठरवून टाकलं, कुठं बोलायचं नाही, घडलंच नाही म्हणायचं. एक विमलाबाई तेवढी हसली. म्हणाली, 'लहानूराव कुठला गं, लहान्या होता तो.'"

सरांना लहान्या आठवला. म्हणजे आधी सायकल आठवली, पुढे-मागे टोपल्या बांधलेली, मग तिच्यावरचा माणूस. त्यांच्याच मळ्यातली शेवंती पहाटे बाजारात न्यायचा. काविळीने गेला, कधी ते आठवेना. इतक्या दिवसांत त्यांनी चिटणीस संशयात घेतला, ड्रायव्हर घेतला, फोटोवाला, एक भाजीवाला, एकदा तर स्वतःच्या कॉलेजचे प्राचार्यही घेतले. मेलेला माणूस घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते हसणार होते. पण नाकावरचा भंडारा ओठावर उतरला होता, त्याची कडवट चव लागली.

"आता ऐका," सुवर्णा म्हणाली, आणि तिचा बसलेला घसा एकदम मोकळा झाला. "दुसऱ्या दिवसापासून बायका भेटायला येतायत. मागच्या दारानं. ज्यांना कोणी कुठं बोलवत नाही त्या. म्हणतात, आमच्याकडे पण ये. कोणाच्या मनातच आलं नव्हतं हो, की त्यांनाही मत असतं. मी निवडून येईन असं वाटायला लागलंय मला. पहिल्यांदा वाटतंय."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. सर उठले, पण ती जवळ होती. पिठाच्या हाताने तिने रिसीव्हर मानेत धरला.

"हां, गोरक्षभाऊजी. बोला... कोण बसतंय? ... कधी म्हणाले?" ती हळूहळू सरांकडे वळली. सरांच्या कपाळाकडे तिने आता नीट पाहिलं. बराच वेळ पलीकडून गोरक्ष बोलत होता. बारीक आवाजात समाज, शब्द, खंडोबा असं काहीतरी ऐकू येत होतं. सरांनी टॉवेल शोधला. सापडला नाही.

"असं का," ती शेवटी म्हणाली. "त्यांनी त्यांची उमेदवारी मागे घेतली असेल, भाऊजी. माझी आहे अजून." आणि रिसीव्हर ठेवला.

भाकरी करपल्याचा वास आला. तिने ती उतरवली, करपलेली बाजू खाली करून सरांच्या ताटात वाढली. ओरडली असती तर बरं झालं असतं. सरांनी 'व्यापक हित' हा शब्द आठवून पाहिला. तो आता दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडातला वाटला.

"मला वाटलं..." सर म्हणाले.

"काय वाटलं ते सांगू नका," ती म्हणाली. "मला ते नंतर रोज आठवेल." मग पेल्यात पाणी ओतत, हिशेबी आवाजात, टेलिफोनवर बोलायची त्या आवाजात: "बैठकीत जितके होते तितक्यांच्या घरी उद्या सकाळपासून जायचं. शब्द तुम्ही दिलाय, तुम्हीच परत आणा. मला त्यात धरू नका. मला उद्या विमलाबाईकडे जायचंय."

सकाळी सर निघाले. पहिलं घर सावळीरामनानांचं, कारण तिथून मिळालं तर पुढे सोपं जाईल असा त्यांचा अंदाज होता. कॉलनीच्या टोकाला नानांनी मळ्याचा एक तुकडा न विकता ठेवला होता, त्यात घर. वाटेत सरांना प्रत्येक दार उघडण्याआधीच संशयित वाटत होतं. खिडक्यांतून बघणाऱ्या बायका त्यांना बघतायत की फलकाकडे, हे कळत नव्हतं. शब्द परत मागतात कसा, हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. कडी वाजवली. दार नानांच्या पत्नीने, आक्काबाईने उघडलं. कपाळ मोठ्या कुंकवाने भरलेलं, हातात सूप.

"नाना आहेत?"

"देवळात गेले. काय काम व्हतं?"

"काल बैठकीत मी त्यांना एक शब्द दिला होता. तो परत घ्यायला आलोय."

आक्काबाईने सुपातले खडे शांतपणे निवडले. जसं कोणी विसरलेली छत्री मागायला यावं. "शब्द व्हय," ती म्हणाली. "त्यो त्यांच्यापाशीच असंल. संगं घेऊन गेले असतील देवळात. माझ्यापाशी नाय काही. माझ्यापाशी मत तेवढं हाय."

सर "हो, हो," म्हणाले.

"परवा मी व्हते तिथं," आक्काबाई म्हणाली. "चुकलंच तिचं. मेलेल्या माणसाचं नाव असं घेत्यात व्हय, सवाष्णींत? त्या विमलीला तरी आधी इचारायचं." तिने एक खडा उचलून अंगणात फेकला. "मला लय राग आला. घरी येऊन झोप नाय लागली. मंग मनात म्हटलं, आमचं म्हातारं उद्या गेलं तर त्याचं नाव घ्यायचं काय करणार हाय मी? बसा. च्या ठेवते."

सर ओटीवर बसले. राग आला म्हणजे मत मैनाला, की झोप नाही लागली म्हणजे सुवर्णाला? विचारायचं धाडस झालं नाही. चहा आला. त्यात साखर दुप्पट पडली होती, आणि ही खूण होकाराची की म्हातारपणाची हे ठरवता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी बशी तोंडाला लावली.

"पुढं कोणाकडं निघाले?"

"सगळ्यांकडेच जायचंय. पण या वेळी घरी असतील का लोक?"

"बाप्ये नाय सापडायचे आता," आक्काबाई म्हणाली. "बायकाच हायेत घरोघर."

"बरं झालं," सर म्हणाले, आणि आपण असं का म्हणालो, याचा संशय घेत पायऱ्या उतरले.